मिठाचे दिवे

बस गं निधी. शूज राहू देत, माझं घर म्हणजे म्युझियम नाही. चहा होईपर्यंत जॅकेटही काढू नकोस, हीटिंग आत्ताच लावलंय. फक्त एक कर, साडेतीनला माझा फोन वाजेल, तेव्हा काही बोलू नकोस. अजून अर्धा तास आहे.

आज सकाळी आपल्या क्लायंटच्या, अरुणाकाकूंच्या दारात तू छान वाकून 'येते हं काकू' म्हणालीस आणि मी तुला बाहीला धरून ओढलं. ताईंचं डोकं फिरलंय असं वाटलं असेल. वाटू दे. पण आपल्या केअर एजन्सीतल्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याच तोंडून ऐक.

मी नागपूरची. वडील शाळामास्तर, घरात अंधश्रद्धेला थारा नाही. दृष्ट, लिंबू-मिरची, अमावास्या, या सगळ्याला वडिलांचा एकच शब्द होता, खुळचटपणा. पण घरातून निघताना कोणी 'जातो' म्हटलेलं त्यांनाही खपायचं नाही. 'येतो' म्हणायचं, आणि घरातल्यानं 'ये' म्हणायचं. "ही श्रद्धा नाही, रीत आहे," असं ते म्हणायचे. तीच रीत मी बर्मिंगहॅमला घेऊन आले आणि माझ्या लेकीच्या, पूर्वीच्या, मागे लागले.

माझी पूर्वी एकोणीस वर्षांची आहे. न्यूकासलला पहिल्या वर्षाला. तिचे बाबा वेगळे झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तेव्हापासून आम्ही दोघीच. तिचं मराठी म्हणजे काय सांगू. 'माझा बॅग कुठे आहे?' 'मोठा खोली.' ळ तर तिच्या जिभेला कधी सापडलाच नाही. सगळं म्हणजे सगलं, डाळ म्हणजे डाल. मी हसायचे, सोडून द्यायचे. पण दारातून 'आई, मी जाते' म्हणाली की हातातलं लाटणं टाकून ओरडायचे, "जाते नाही. येते म्हण."

"बट आय ॲम गोइंग, आई," ती म्हणायची. "कमिंग कुठे?"

सप्टेंबरमध्ये न्यू स्ट्रीट स्टेशनला तिला ट्रेनमध्ये बसवून दिलं, तेव्हाही ती 'जाते'च म्हणाली. एकुलती एक आहे गं. सुखरूप जावी आणि आहे तशी घरी परत यावी, एवढंच माझं मागणं. तेवढं लक्षात ठेव, म्हणजे पुढचं कळेल.

कांताबाई माझ्या क्लायंट होत्या. हँड्सवर्थला टेरेस्ड घर, वय चौऱ्याऐंशी, इथल्याच हॉस्पिटलात तीस वर्षं नर्सिंग केलेलं. त्याही नागपूरच्या, त्यामुळे एजन्सीनं त्यांचं काम मलाच दिलं. रोज दुपारी साडेतीनचा टी-कॉल. 'जयभीम, आजी' म्हणून आत शिरायचं, चहा करायचा, गोळ्या द्यायच्या, पायाला क्रीम लावून सॉक्स बदलायचे. आणि दिवे लावायचे.

फायरप्लेसवर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि दोन बाजूंना दोन कँडलस्टिक. वीत-सव्वावीत उंच, राखाडी मातीच्या, लोणच्याच्या बरणीसारख्या जाड आणि जड. त्यावर निळ्या रंगाचं एकेक पान, ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत काढलेलं. झिलई होती, पण गुळगुळीत नाही, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरखरीत. एक सरळ उभी. दुसरी भट्टीतच जराशी कलंडलेली, कोणी मान तिरकी करून ऐकावं तशी. दोघींच्या बुडाला कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा होता. दीडशे वर्षांपूर्वीचा कुठला तरी अमेरिकन कुंभार, त्याचा अंगठा.

कांताबाई त्यांना 'मिठाचे दिवे' म्हणायच्या. त्यांचा मुलगा, धम्मदीप, तिकडे ओहायोला होता. त्यानं पत्रात लिहिलं होतं की तिथले जुने कुंभार भट्टी लालबुंद झाली की वरून मूठमूठ मीठ टाकत. मिठाची वाफ मातीवर बसते आणि तिचीच काच होते.

"मीठ खाल्लेली माती आहे ही, स्नेहल," त्या म्हणायच्या. "खाल्ल्या मिठाला जागते."

मला तेव्हा ते नुसतं छान बोलणं वाटायचं.

एजन्सीच्या कागदावर मेणबत्त्यांना बंदी होती, आगीची भीती म्हणून. मॅनेजरनं बॅटरीवरच्या दोन मेणबत्त्या आणून दिल्या. कांताबाईंनी त्या ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि ड्रॉवर पायानं ढकलून बंद केला. मग मी आणि त्यांनी गुपचूप ठरवलं. मी असेपर्यंत खऱ्या लावायच्या, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, वीस मिनिटं झाली की मी विझवायच्या आणि मगच निघायचं. पहिल्या दिवशी मी सवयीनं फुंकर मारायला वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं. पंजा केवढा घट्ट होता म्हणून सांगू.

"कायले फुंकतं? फुंकलं की जाणाऱ्याला धक्का मारल्यासारखं होते. बोटं ओली कर आणि चिमटीत धर."

तेव्हापासून मी चिमटीनंच विझवायला लागले. वात बोटांमध्ये चुर्र करायची, मेणाचा वास सुटायचा. मी दारात जाऊन म्हणायचे, "येते हं, आजी." आतून त्या म्हणायच्या, "ये." रोज. एक दिवस गडबडीत मी नुसतंच 'बाय' म्हणून निघाले, तर फाटकापर्यंत हाका मारल्या. परत जाऊन 'येते' म्हणावं लागलं.

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. धम्मदीप शेवटचा आला होता तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, तिकडच्या कोणा मुलीवरून. निघताना तरी तो दारात थांबला आणि म्हणाला, 'येतो, आई.' आणि कांताबाई रागानं म्हणाल्या, 'जा.'

"ये नाही म्हटलं मी. जा म्हटलं," त्या म्हणाल्या. "सहा आठवड्यांनी तिथल्या बर्फात गाडी घसरली. गेला. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी हे पार्सल आलं. त्यानं आधीच पोस्टात टाकलेलं. दोन दिवे, गवतात गुंडाळलेले. बाहेर कडाक्याची थंडी, आणि हे ओले होते, स्नेहल. पुसले तरी ओले."

मी हसून विचारलं, "आजी, तुमचा भुताखेतांवर विश्वास आहे की काय?"

"खुळी की काय," त्या म्हणाल्या. "बुद्धानं आत्माच मानला नाही. आत्माच नाही तर भूत कशाचं होणार?" मग त्या तिरक्या कँडलस्टिककडे बघत म्हणाल्या, "पण शब्द राहतो. तोंडातून गेलेला शब्द कुठं जातो, ते कोणी सांगितलं नाही."

पूर्वीचं सगळं मी त्यांना सांगितलेलं होतं. तिच्या 'जाते'चंही. त्यावर त्या हसल्या नाहीत. "लेकीला आण एकदा," म्हणाल्या. "मी शिकवते तिला येते म्हणायला. मला दारातून 'येते' म्हणणारं लेकरू बघायचंय." मी म्हटलं, आणते. दर आठवड्याला विचारायच्या, मी दर आठवड्याला म्हणायचे, आणते. क्लायंटला आपण म्हणतो ना गं, तसं.

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार होता. त्या दिवशी जुन्या मेणबत्त्या संपल्या म्हणून मी दोन नव्या कोऱ्या लावल्या. वीस मिनिटांनी चिमटीनं विझवल्या. "येते हं, आजी." "ये." शुक्रवारी माझी सुट्टी होती. सकाळच्या केअररला त्या खुर्चीत गेलेल्या सापडल्या. अंत्यसंस्काराच्या दिवशी मला शिफ्ट बदलून मिळाली नाही. म्हणजे बघ, येते म्हणून गेले आणि नंतर गेलेच नाही. मला फार लागलं ते.

तीन आठवड्यांनी त्यांच्या भाच्याचा, परीक्षितचा, नागपूरहून मेसेज आला. तो येऊ शकत नव्हता, जानेवारीत घर रिकामं करायला माणसं येणार होती. त्यानं लिहिलं होतं, 'ताई, मावशीनं वहीत लिहून ठेवलंय की मेणबत्तीचे दोन स्टँड स्नेहलच्या मुलीला द्यायचे. तेवढे घेऊन जा.' सोबत दाराबाहेरच्या किल्लीच्या पेटीचा, की-सेफचा, नंबर होता. कांताबाई गेल्यावर एजन्सीनं तो बदलला होता आणि फक्त परीक्षितला कळवला होता. तीन आठवड्यांत त्या घरात कोणी पाऊल टाकलेलं नव्हतं. हे मी त्याला नंतर दोनदा विचारून घेतलं.

पूर्वी ख्रिसमसच्या सुट्टीला घरी आली होती. तिनंच गाडी चालवली. मला एकटीला जायचं होतं, खरं सांगते, पण ती म्हणाली, "माझं प्रेझेंट आहे, मी येणार." डिसेंबरचे दिवस, दुपारीच रस्त्यावरचे दिवे लागलेले. फाटक उघडताना मी घड्याळ बघितलं नाही. बघायला हवं होतं.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. विक्सचा वास होता, ओल्या लोकरीचा होता, ते ठीक. पण त्यावर मेणाचा वास होता. जुना नाही. वात आत्ताच चिमटली की सुटतो तो.

"आई, लाईट नाही लागत," पूर्वी म्हणाली. वीज तोडलेली होती. तिनं फोनचा टॉर्च लावला. बैठकीच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. खुर्चीवर शाल. मूर्ती, फोटो. दोन बाजूंना दोन कँडलस्टिक, आणि त्यांत दोन बोटं उरलेल्या मेणबत्त्या.

मी बघतच राहिले. कोऱ्या मेणबत्त्या मी स्वतः लावल्या होत्या गं, आणि त्या फक्त वीस मिनिटं जळल्या होत्या. मी मनात हिशोब केला. तशी एक मेणबत्ती आठ-साडेआठ तास चालते. तीन आठवडे, रोज वीस मिनिटं... सात तास होतात. मी वाकून वाती बघितल्या. दोन्ही चिमटलेल्या होत्या. चपट्या, आणि टोकाला बोटांची खूण.

"पूर्वी, चल," मी म्हटलं. "राहू दे हे."

"वॉट? आई, दे आर ब्यूटिफुल." तिनं तोवर शेजारची काडेपेटी उचलून दोन्ही पेटवल्यासुद्धा. माझा फोन त्या खोलीत रोज वाजायचा तसा पर्समध्ये वाजला. साडेतीनचा अलार्म. तो मी बंद करायचा विसरले होते.

मी तिरक्या कँडलस्टिकला हात लावला. ती ओली होती. थंड घरात दव धरतं, मी स्वतःला समजावलं. म्हणून भिंतीला हात लावून बघितला, भिंत कोरडी. मूर्ती कोरडी. फोटोची काच कोरडी. आणि हे दोन दिवे घामेजलेले. का ते विचारू नकोस, पण मी बोट जिभेला लावलं.

खारट. माणसाच्या घामासारखं खारट.

"विझव," मी म्हटलं. "विझव आणि निघू या."

पूर्वी वाकली. तिनं गाल फुगवले, मी अडवायला हात पुढे केला... आणि ती थांबली. बोटं तोंडात ओली केली आणि एकामागून एक दोन्ही वाती चिमटीत धरल्या. चुर्र, चुर्र. निधी, मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. घरात आम्ही मेणबत्त्या लावतही नाही, स्मोक अलार्म वाजतो म्हणून.

तिनं दोन्ही कँडलस्टिक टॉवेलमध्ये गुंडाळल्या, खोक्यात घातल्या आणि खोकं छातीशी धरून पॅसेजमध्ये गेली. टॉर्च तिच्याकडे, मी अंधारात. बाहेरच्या दारातून ती म्हणाली, "आई, मी जाते, गाडी उघडते."

एकोणीस वर्षांची सवय. मी तोंड उघडलं, श्वास घेतला. 'जाते नाही,' असं म्हणणारच होते. म्हणाले नाही. त्याआधी आतल्या खोलीतून, जिथे त्यांचा पलंग होता तिथून, शांतपणे, दमलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"येते म्हण..."

पूर्वी हसली. तिला वाटलं मीच बोलले. "ओके, ओके, सॉरी. ये—"

मी कशी धावले मला माहीत नाही. पॅसेजमध्ये कशाला तरी गुडघा आपटला, तो अजून दुखतो. मी तिच्या तोंडावर हात दाबला. "नको. येते म्हणू नकोस. जातेच म्हण. जाते म्हण आणि मागे बघू नकोस."

"आई? काय झाला?"

"जाते म्हण, पूर्वी."

ती घाबरली होती. "जाते," ती म्हणाली आणि गाडीकडे पळाली. मी आयुष्यभर ज्या शब्दावरून तिला टाकून बोलले, तो शब्द तिच्या तोंडून ऐकून मला त्या दिवशी हायसं वाटलं.

आता मी एकटीच राहिले. दार उघडं, पाठीमागे ते घर. निघताना काय म्हणायचं? 'येते' म्हटलं तर यावं लागेल. 'जाते' म्हटलं, आणि आतून 'जा' आलं तर? तो शब्द कोणाला म्हटला होता आणि त्याचं काय झालं, हे मला माहीत होतं. मी उंबऱ्यावरच उभी. मग वडिलांची आठवण झाली. मयताच्या घरातून उठताना येतो म्हणत नाहीत, जातोही म्हणत नाहीत. काही न बोलता उठायचं असतं. मी ओठ मिटले आणि दार ओढून घेतलं. दार बंद होता होता आतून आलं, अगदी हळू, समाधानानं...

"आणलीस न... लेकीला..."

त्या दिवसापासून मी कोणत्याही क्लायंटच्या घरी 'येते' म्हणत नाही. चहा घे, गार होतोय.

खोकं तर गाडीत आलेलंच होतं. पूर्वीला काय सांगणार? आत्मा नाही, भूत नाही, असं तिला मीच शिकवलेलं. मी दोन्ही कँडलस्टिक गरम पाण्यानं धुतल्या, पुसल्या, बागेतल्या शेडमध्ये ठेवल्या. सकाळी उठून बघते तर पूर्वीनं त्या आणून या इथे, किचनच्या खिडकीत मांडलेल्या. "माझं प्रेझेंट शेडमध्ये का?" खिडकीच्या लाकडावर ओले गोल उमटलेले. चॅरिटी शॉपवाले म्हणाले, नवीन वर्षापर्यंत सामान घेत नाही. फोडाव्यात असंही मनात आलं. हातोडी घेऊन उभी राहिले होते मी. पण मृत्युपत्रासारखं लिहून दिलेलं, मेलेल्या माणसाचं, त्याच्या मेलेल्या मुलानं पाठवलेलं... मला नाही जमलं. आपलं सगळं अंधश्रद्धाविरोधी भाषण हातोडी उचलेपर्यंतच असतं बघ.

अकरा जानेवारीला पूर्वी परत निघाली. मी तिला आठवडाभर बजावलं होतं, निघताना काही बोलू नकोस, नुसती टॅक्सीत बस. ती बरं म्हणाली. बॅग मी स्वतः भरली, कुलूप मी लावलं. टॅक्सी आली. ती दारापर्यंत गेली, आणि वळली. डोळे भरलेले. इतके दिवस आईचं काहीतरी बिनसलंय, एवढंच तिला कळत होतं. आईला आवडेल असं काहीतरी द्यावं, असं वाटलं असेल तिला. जन्मात पहिल्यांदा, कोणी न सांगता, ती म्हणाली,

"येते हं, आई."

इतकी वर्षं जे ऐकायला मी तरसले ते हेच. आणि ती उभी राहिली, मी 'ये' म्हणायची वाट बघत. मला म्हणता येईना. खिडकीत ते दोन दिवे उभे, एक सरळ, एक मान तिरकी करून. मी 'ये' म्हटलं, आणि पूर्वीच्या सोबत, किंवा पूर्वीच्या जागी, दुसरंच कोणी आलं तर? मी म्हटलं, "सांभाळून." तिचा चेहरा उतरला. गेली.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, ती तिरकी कँडलस्टिक तू माझ्या बॅगेत ठेवलीस? अगं, ओली आहे ती. सगळे कपडे ओले झालेत."

मी वळून खिडकीत बघितलं. तिथे एकच उभी होती. सरळ. ती बघ, अजून तिथेच आहे.

मग मला दुसरं कळलं, आणि ते जास्त वाईट होतं. पूर्वी 'माझ्या बॅगेत' म्हणाली होती. 'सगळे' म्हणाली होती. ळ स्पष्ट, आपल्याकडच्या बाया म्हणतात तसा. मी म्हटलं, "टाकून दे ती, पूर्वी, आत्ताच्या आत्ता बाहेर टाक." ती म्हणाली, "कायले? किती सुंदर आहे." कायले. हा शब्द मी तिच्यासमोर कधी वापरलेला नाही. माझ्या वडिलांनी तो आमच्या जिभेवरून मारून घालवला होता.

आधी ती आठवड्यातून एकदा फोन करायची, तोही पैसे-बिसे हवे असले तर. आता रोज करते. साडेतीनला. मी दोनदा न्यूकासलला जाऊन आले. हसते, खाते, मैत्रिणी आहेत, लेक्चर्सना जाते, समोर असली की पहिल्यासारखंच मोडकं बोलते. 'माझा टॉवेल' म्हणायच्या जागी 'माझी टॉवेल'. मला तेवढ्यानंही बरं वाटतं. कँडलस्टिक तिच्या टेबलावर नव्हती. कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "आहे की." हॉस्टेलवर त्यांना मेणबत्त्या लावायला मनाई आहे. पण खोलीत मेणाचा वास होता.

आणि फोनवर ती शेवटी रोज एकच म्हणते. "येते हं, आई." मग थांबते. मी फोन कानाला धरून बसते. मिनिट, दीड मिनिट. तिचा श्वास ऐकू येत राहतो. मी काही बोलत नाही, मग फोन बंद होतो. पोटच्या पोरीला 'ये' म्हणता येऊ नये, यासारखं दुसरं काही नाही, निधी. रोज वाटतं, म्हणून टाकावं. येऊ दे कोणीही, तिच्यासोबत येऊ दे. रोज जीभ चावून गप्प बसते.

पंचवीस मिनिटं झाली का? हो. पाच मिनिटं आहेत. तर कालचं सांगते आणि संपवते.

काल ती म्हणाली, "येते हं, आई." मी इथेच होते, तू बसलीयेस त्या खुर्चीत. ओठ दाताखाली धरलेले, आवाज निघू नये म्हणून. बघ, इथे अजून सुजलंय. मी एक शब्द बोलले नाही. माझ्या लेकीची शपथ.

आणि उत्तर आलं.

"ये."

खिडकीतून नाही. या घरातून नाहीच. फोनमधून आलं, त्याच दमलेल्या आवाजात, पूर्वीच्या खोलीतून, तिच्या अगदी जवळून...

पूर्वीनं सुटल्यासारखा श्वास सोडला.

"थँक यू, आई," ती म्हणाली. "किती दिवसांनी म्हणालीस."